जगावर प्रीती : कान्सच्या किनाऱ्यावरील एक चिंतन

पवित्र शास्त्राच्या अनुवादाचे काम करणाऱ्याचा काही शब्द वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाहीत. ‘जग’ हा त्यांपैकी एक. देवाने आपला एकुलता एक पुत्र दिला तो जगावरील प्रीतीमुळे, हे योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील सत्य आपल्यापैकी प्रत्येकाने शब्बाथशाळेत पाठ केलेले असते. योहानाच्याच पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मात्र विश्वासणाऱ्यांना जगावर प्रीती करण्याची स्पष्ट मनाई केली आहे. दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीक नाम एकच आहे : ‘कॉस्मॉस’. आश्चर्य असे की, प्रीती करण्याचे क्रियापदही एकच आहे. मग देवाने जे केले तेच आपण करू नये, असा याचा अर्थ घ्यावयाचा काय?

‘कॉस्मॉस’ या शब्दाचा मूळ अर्थ मांडणी, सुव्यवस्था आणि त्यातून शोभा, अलंकार असा आहे. विश्वाची रचना नेटकी व देखणी आहे असे ग्रीकांना वाटले, म्हणून त्यांनी विश्वालाच हे नाव दिले. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात स्त्रियांच्या शृंगाराविषयी लिहिताना हाच शब्द ‘भूषण’ या जुन्या अर्थाने आला आहे. आपला ‘जग’ हा शब्द संस्कृत ‘जगत्’पासून आला. त्याचा अर्थ जे चालते, सरकते ते. ग्रीकाला विश्वाची शोभा प्रथम दिसली, आपल्या पूर्वजांना त्याचे सरकत जाणे प्रथम दिसले. म्हणून ‘कॉस्मॉस’चे ‘जग’ झाले की शोभेची छटा गळून पडते, आणि योहानाच्या इशाऱ्यातील धार थोडी बोथट होते. तो ज्याविषयी सावध करतो ते जग कुरूप नाही. ते सुंदर आहे, आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

हा प्रश्न अभ्यासिकेतल्या टेबलावर जेवढा तीव्रतेने जाणवला नव्हता, तेवढा तो फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान्स या शहरात जाणवला. अनुवादविषयक एका सभेच्या निमित्ताने त्या प्रांतात जाणे झाले, तेव्हा ऑक्टोबर महिन्यातील दोन दिवस तेथे काढता आले. दर वर्षी मे महिन्यात भरणाऱ्या चित्रपट महोत्सवामुळे हे नाव आपल्याकडे खेड्यापाड्यांतही पोहोचले आहे. भूमध्य समुद्राला लागून ‘क्रोआझेत’ नावाचा रुंद रस्ता वळण घेत जातो. एका बाजूस ताडांची रांग, वाळू आणि निळे पाणी. दुसऱ्या बाजूस जगातील अतिमहागड्या पोशाखांची व जडजवाहिरांची दुकाने आणि कार्लटनसारखी शतकापूर्वीची शुभ्र हॉटेले. बंदरात श्रीमंतांच्या खासगी नौका उभ्या असतात. त्यांतील काही आपल्या गावाकडच्या चर्चच्या इमारतीपेक्षा मोठ्या दिसतात. किनाऱ्याचा बराचसा भाग हॉटेलांकडे व उपाहारगृहांकडे ठेक्याने दिलेला आहे. तेथे आरामखुर्चीवर पडून समुद्र पाहावयाचा तर त्याचे दाम मोजावे लागते. महोत्सवाच्या भवनाच्या पायऱ्यांवर, महोत्सव नसतानाही, प्रवासी आपले छायाचित्र काढून घेण्यासाठी थांबलेले असतात. ज्या पायरीवर काल कोणी प्रसिद्ध मनुष्य उभा होता, तिच्यावर क्षणभर आपणही उभे राहावे, एवढीच त्यांची इच्छा.

या झगमगाटाचा उगम मात्र फार साधा आहे. १८३४ साली इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर हेन्री ब्रूम इटलीकडे निघाले होते. कॉलऱ्याच्या साथीमुळे वार नदीवरची सरहद्द बंद होती, म्हणून त्यांना मागे फिरावे लागले आणि कान्स नावाच्या एका कोळीवस्तीत मुक्काम पडला. ती जागा त्यांना इतकी आवडली की त्यांनी तेथे घर बांधले आणि आपल्या आजारी मुलीचे नाव त्याला दिले. ती मुलगी १८३९ साली वारली. ब्रूम स्वतः १८६८ साली तेथेच मरण पावले व तेथेच त्यांना मूठमाती मिळाली. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा १८३३ साली झाला, तेव्हा हेच गृहस्थ लॉर्ड चॅन्सेलर होते आणि त्या चळवळीचे जुने पुरस्कर्ते होते. त्यांच्या मागोमाग इंग्लंडचे व रशियाचे धनिक हिवाळ्यात येऊ लागले. १८६३ साली रेल्वे आली. क्षयाने पोखरलेल्या छातीला कोवळे ऊन मिळावे म्हणून रोगी येत राहिले. म्हणजे ज्या शहराला आज आपण विलासाची राजधानी समजतो, त्याच्या पायाशी एक अडलेला वाटसरू, एक आजारी मुलगी आणि खोकणारी माणसे आहेत.

अशा शहरात शिरताना ख्रिस्ती मनापुढे दोन सोप्या वाटा असतात. पहिली अर्थातच हव्यासाची. योहान तिला डोळ्यांची वासना म्हणतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात नजरेला सुखावणारी झाडे देवानेच लावली आहेत; तिसऱ्या अध्यायात तेच सुख हव्वेच्या हाताला फळाकडे ओढते. झाड बदललेले नाही, पाहणे बदलले आहे. या वाटेविषयी आपल्या उपदेशपीठांवरून पुष्कळ बोलले जाते, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

दुसरी वाट तिरस्काराची. ही अधिक फसवी आहे, कारण ती भक्तीच्या वेषात येते. कान्सच्या समोर, होडीने पाऊण तासाच्याही आत पोहोचता येईल अशी लेरँ नावाची दोन बेटे आहेत. त्यांपैकी लहान बेटावर पाचव्या शतकाच्या आरंभी होनोरातुस नावाच्या भक्ताने मठ स्थापन केला. पश्चिमेकडील ख्रिस्तसभेच्या इतिहासात या मठाचे स्थान मोठे आहे. तेथून अनेक बिशप व विद्वान निघाले. खऱ्या सार्वत्रिक विश्वासाची ओळख कशी पटवावी याविषयीचा विन्सेंट यांचा प्रसिद्ध ग्रंथ येथेच ४३४ च्या सुमारास लिहिला गेला. त्यांचे समकालीन युखेरियुस हे कुलीन रोमी गृहस्थ. पत्नी व दोन मुलांसह ते शेजारच्या मोठ्या बेटावर येऊन राहिले आणि पुढे लियों शहराचे बिशप झाले. त्यांनी एक ग्रंथ अरण्यवासाच्या स्तुतीपर लिहिला आणि दुसरा एका नातलगाला उद्देशून, ज्याच्या नावातच जगाचा तुच्छभाव आहे. रोमी साम्राज्य कोसळत असताना त्या नातलगाला मानमरातबाच्या मागे धावताना पाहून त्यांना जे वाटले, ते आपण समजू शकतो. भारतीय मनाला तर ही भाषा परकी नाहीच. वैराग्याचे संस्कार आपण आईच्या दुधाबरोबर घेतलेले असतात.

या भक्तांविषयी मला आदर आहे. आजही त्या लहान बेटावर सिस्टर्शियन पंथाचे मोजके साधू राहतात, दिवसातून अनेकदा प्रार्थनेला जमतात, द्राक्षमळे राखतात. क्रोआझेतवरून तेथे गेल्यावर कानांना शांतता अक्षरशः जड वाटते. तरीही इतिहास विचारतो की, जग तुच्छ मानून त्याच्यापासून सुटका होते काय? पुढे मध्ययुगात लेरँचे मठाधिपतीच कान्सचे जहागीरदार झाले. जुन्या गावाच्या टेकडीवर त्यांनी उभारलेला बुरूज अजून दिसतो. पाण्यापलीकडे सोडून आलेले जग सारा वसुलीच्या वहीतून परत आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस मठ बंद पडला, राज्यक्रांतीनंतर बेट लिलावात गेले आणि ते विकत घेतले पॅरिसच्या रंगभूमीवरील एका श्रीमंत अभिनेत्रीने! चित्रपट महोत्सवाच्या दीडशे वर्षे आधी मठात नटी राहून गेली. १८५९ साली तेथील बिशपांनी बेट परत घेतले आणि १८६९ पासून आजचे साधू तेथे आहेत. मठ आणि जग यांच्यामधील पाणी नकाशावर दिसते तेवढे खोल नाही.

तिरस्काराचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. हव्यासाला हॉटेल दिसते, नौका दिसते, हिरा दिसतो. तिरस्कारालाही नेमके तेच दिसते. एक म्हणतो, हे मला हवे. दुसरा म्हणतो, हे मला नको. दोघांची दृष्टी वस्तूंवरच खिळलेली असते. पहाटे वाळू सपाट करून आरामखुर्च्या मांडणारा मनुष्य दोघांनाही दिसत नाही. आणि त्या खुर्चीवर येऊन एकटी बसणारी वृद्ध धनिक स्त्री, तीही दिसत नाही. पुष्कळदा तर तिरस्कार म्हणजे हात न पोहोचलेला हव्यासच असतो.

पवित्र शास्त्र भूमध्य समुद्रावरील वैभवशाली शहरांकडे कसे पाहते? यहेज्केलाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सोर नगरीचे वर्णन आहे. आपण सौंदर्याची परिसीमा आहोत असा तिला गर्व होता, आणि तिचा नाश संदेष्ट्याने घोषित केला. परंतु कसा? देवाने त्याला विलापगीत गावयास सांगितले. त्या गीतात सोर एक गलबत आहे. त्याच्या फळ्या, लबानोनाच्या गंधसरूची डोलकाठी, बाशानाच्या अल्लोन वृक्षांची वल्ही, मिसरी तागाचे कशिदाकाम केलेले शीड, सारे कारागिराच्या प्रेमाने वर्णिले आहे. ज्याला त्या शिडाची नक्षी दिसली, त्यालाच ते बुडताना रडता आले. मात्र त्याच अध्यायात सोरच्या बाजारातील मालाची यादी वाचताना तेराव्या वचनाशी थबकावे लागते. तेथे तांब्याच्या भांड्यांबरोबर माणसेही विकली जातात. प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात बाबेलच्या मालाची यादी सोन्याने सुरू होते आणि माणसांच्या जिवांनी संपते. शास्त्राचा आक्षेप सोन्यावर नाही. माणूस त्या यादीत शेवटचा माल होऊन बसला, यावर आहे.

नव्या करारातील असे शहर म्हणजे कैसरीया. महान हेरोदाने समुद्रात बांध घालून बंदर उभारले, नाट्यगृह बांधले, समुद्राच्या कडेला राजवाडा बांधला आणि सारे सम्राटाला अर्पण केले. याच विलासी शहरात कर्नेल्याच्या घरी परराष्ट्रीयांवर पवित्र आत्मा उतरला. पेत्र तेथे आला तो यापो येथील, समुद्राकाठच्या एका चांभाराच्या घरून. आणि याच शहरात पौल दोन वर्षे कैदेत होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंचविसाव्या अध्यायात अग्रिप्पा राजा व बर्णीका दरबारात येतात ते मोठ्या थाटामाटाने. लूकाने येथे वापरलेला ग्रीक शब्द ‘फांतासिया’ हा आहे. नव्या करारात तो दुसरीकडे कोठेही आढळत नाही. त्याचा अर्थ देखावा, दिसणे, भास. इंग्रजीतील ‘फँटसी’ त्याचाच वंशज. ‘थाटमाट’ हा आपला शब्द चांगला आहे, त्यात नाद आहे. पण हा सारा डोळ्यांपुढील भास आहे ही लूकाची सूचक छटा त्यात पूर्ण उतरत नाही. सरदार, प्रतिष्ठित नागरिक, राजघराणे, आणि शेवटी साखळदंडातला एक तंबू करणारा. त्या दिवशी कैसरीयात तांबडा गालिचा कोणासाठी असता, हे सांगावयास नको.

पौलाने त्या थाटाकडे कसे पाहिले? तो दिपला नाही. त्याने धिक्कारही केला नाही. भाषणाच्या अखेरीस त्याने देवाजवळ एवढेच इच्छिले की, ऐकणाऱ्या सर्वांनी आपल्यासारखे व्हावे, मात्र या बेड्यांवाचून. शास्त्रातील हे वचन मला अत्यंत कोमल वाटते. आपल्याजवळ जे उत्तम ते त्यांना मिळो, आणि आपल्या वाट्याचे दुःख त्यांच्या वाट्यास न येवो! जगावर प्रीती म्हणजे काय, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. बर्णीकेच्या दागिन्यांपलीकडे पौलाला बर्णीका दिसली.

हे लिहिताना लेरँचे दुसरे, मोठे बेट डोळ्यांपुढे येते. सेंत-मार्गरीत त्याचे नाव. कान्सच्या किनाऱ्यावरून ते स्पष्ट दिसते. तेथील किल्ल्यात १६८७ ते १६९८ पर्यंत तो प्रसिद्ध मुखवटाधारी कैदी होता. त्याच्यावर कादंबऱ्या झाल्या, चित्रपट झाले. प्रवासी त्याची कोठडी पाहण्यास जातात. परंतु त्याच किल्ल्यात त्याच काळात काही प्रॉटेस्टंट पाळकही कैद होते. १६८५ साली चौदाव्या लुईने नांतचा फर्मान रद्द करून फ्रान्समधील ह्यूगनो मंडळींचे उपासनास्वातंत्र्य काढून घेतले. पाळकांना देश सोडावा लागला. त्यांपैकी काही, मेंढपाळाविना राहिलेल्या कळपासाठी, गुप्तपणे परतले. ते पकडले गेले आणि या बेटावर एकांतकोठडीत पुरले गेल्यासारखे झाले. त्यांच्यातील एकाने जेवणाच्या कथलाच्या भांड्यांवर व कपड्यांवर अक्षरे लिहिली. कोणीतरी वाचावे, एवढीच आशा. पुढे लोककथेने ती भांडी मुखवटेवाल्याच्या नावावर घातली! ज्याचे तोंड झाकलेले होते त्याला साऱ्या जगाने पाहिले आणि ज्यांची तोंडे उघडी होती ते पाळक विस्मृतीत गेले. ‘फांतासिया’ केवळ तांबड्या गालिच्यावर नसते, तुरुंगाच्या आठवणीतही ती माणसे निवडून घेते. एकोणिसाव्या शतकात अल्जीरियातील लढ्यात पकडलेली मुसलमान कुटुंबे, बायकामुलांसह, येथेच डांबली होती. त्यांचे कबरस्थान झाडीत आहे. तिकडे वळणारे पाय आणखी थोडे.

आता योहानाकडे परत येऊ. ज्या वचनात त्याने डोळ्यांच्या वासनेविषयी लिहिले, त्याच वचनात तो संसाराच्या फुशारकीचाही उल्लेख करतो. मराठीत ‘संसार’ म्हटले की घरप्रपंच मनात येतो. मूळ शब्द ‘बिऑस’ आहे, म्हणजे उपजीविका, जगण्याची साधनसामग्री. हाच शब्द त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात सतराव्या वचनात पुन्हा येतो, तोही ‘कॉस्मॉस’च्या जोडीने : एखाद्याजवळ जगाची साधनसामग्री आहे, त्याला आपला बंधू गरजेत असलेला दिसतो, आणि तरी तो आपले अंतःकरण बंद करून घेतो. मग त्याच्या ठायी देवाची प्रीती कशी राहील, असा तेथे प्रश्न आहे. दोन्ही वचने एकमेकांशेजारी ठेवून वाचली की माझ्या मते सुरुवातीचा तिढा सुटतो. पहिल्यात डोळे आहेत आणि फुशारकी आहे. दुसऱ्यात पाहणे आहे आणि बंधू आहे. जगाची साधनसामग्री दोन्हींत तीच. देवाची जगावरील प्रीती देते. मना केलेली प्रीती घेते, मिरवते. खरी कसोटी एकच, की या शोभेत मला माणूस दिसतो की नाही.

ही कसोटी कान्सच्या महोत्सवालाही लावता येते. १९४६ साली भरलेल्या पहिल्या महोत्सवात चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ या हिंदी चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक अन्य दहा चित्रपटांसह मिळाले. एका श्रीमंताने वरच्या वस्तीचे घाण पाणी गरिबांच्या वस्तीकडे वळविल्याची ती कथा. २०२४ साली पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला तेथे ‘ग्राँ प्री’ मिळाले. मुंबईच्या इस्पितळातल्या दोन परिचारिका आणि एक स्वयंपाकीण यांची ही कथा. त्यातील रत्नागिरीकडची विधवा, जिची भूमिका छाया कदम यांनी केली, कागदपत्रांअभावी बिल्डरपुढे हतबल होऊन आपली खोली सोडते व गावी परतते. दागिन्यांनी मढलेल्या प्रेक्षकांनी उभे राहून तिच्यासाठी टाळ्या वाजविल्या. याला कोणी ढोंग म्हणेल. असेलही. परंतु निदान दोन तास त्यांचे डोळे एका बेघर होणाऱ्या बाईवर होते. तिची खोली मात्र टाळ्यांनी परत मिळत नाही. योहानाने पाहण्याशीच थांबू दिलेले नाही, पुढे अंतःकरण उघडण्याचाही प्रश्न विचारला आहे. १९७४ पासून कॅथलिक व प्रॉटेस्टंट ख्रिस्ती परीक्षकांचे एक संयुक्त मंडळ या महोत्सवात आपले पारितोषिक देत आले आहे. ते बहिष्कार घालून बेटावर गेले नाहीत. अंधाऱ्या सभागृहात बसून, या चित्रात माणसाची प्रतिष्ठा कोठे आहे, हे ते शोधतात. पौलाच्या बाजूने बसण्याचाच हा एक प्रकार होय.

कान्सला जाण्याचा योग आपल्यापैकी फार थोड्यांना येईल. पण लहानमोठे कान्स आपल्या दाराशी आहेत. कर्ज काढून झालेली लग्ने, नाताळातील रोषणाईची चढाओढ, मंडळीच्या शताब्दी सोहळ्यातील व्यासपीठ व त्यावरील खुर्च्यांचा क्रम, हा आपला ‘फांतासिया’. त्याच मांडवाच्या मागे भांडी घासणारी बाई आपल्याच मंडळीची सभासद असते. दुसऱ्या बाजूस, सिनेमा, शहर, विद्या, कला या साऱ्यांवर ‘जग’ अशी मोहर मारून त्यांच्याकडे पाठ फिरविणारी आपली धार्मिकताही आहे. आपले तरुण या दोन्ही वाटांवर चालताना दिसतात. तिसऱ्या वाटेवर चालून दाखविणारे वडीलधारे त्यांना कितीसे दिसतात?

संध्याकाळी क्रोआझेतवर दिवे लागतात तेव्हा ते दृश्य सुंदर असते, हे मान्य करण्यात कोणतेही पाप नाही. समुद्र देवाचा आहे आणि दिवे लावण्याची बुद्धीही त्यानेच दिली. त्या उजेडात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे. त्यांत धनिक असतील, त्यांची ताटे उचलणारे असतील. प्रत्येकासाठी पौलाने मागितले तेच मागावे, आणि कोणाची बेडी आपल्या हाताने सैल होण्याजोगी असेल, तर ती सैल करावी.